नसेची वाट

हात टेबलावर उताणा पसरलेला. कोपराच्या चार बोटं खाली काच घुसून नस तुटली होती, ती शिवून तीन महिने झाले. जखम कधीच भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर मनगटापासून कोपराच्या दिशेनं बोटाच्या टोकानं टिचक्या मारत वर सरकतात. "इथं?" "काही नाही." "इथं?" "नाही." आणखी थोडं वर. "हां, इथं! बोटात मुंग्या आल्या." टिचकी पडली हातावर आणि मुंग्या आल्या तर्जनीत. डॉक्टर त्या जागी पेनानं ठिपका काढतात आणि मागच्या महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहतात. ठिपका तीन-एक सेंटिमीटर बोटांकडे सरकलेला असतो. "चाललंय बरोबर," ते म्हणतात, "वाट बघा."

शंभरहून अधिक वर्षं डॉक्टर ही टिचकी मारत आले आहेत. पहिल्या महायुद्धात छर्‍यांनी आणि गोळ्यांनी हातापायांच्या नसा तुटलेले हजारो सैनिक रुग्णालयांत पडून होते. त्यांना तपासताना फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पाउल हॉफमन या दोघांनी १९१५ या एकाच वर्षी, आघाडीच्या दोन विरुद्ध बाजूंना राहून, या खुणेचं वर्णन केलं. नव्यानं वाढणार्‍या तंतूचं टोक उघडं असतं. त्यावरचं आवरण अजून तयार झालेलं नसतं, म्हणून साध्या टिचकीनंही ते चेतवलं जातं. हा तंतू एके काळी तर्जनीतून येत होता एवढंच मेंदूला ठाऊक असतं, म्हणून मुंग्या तर्जनीत जाणवतात. टिचकी लागू पडते ती जागा म्हणजे तंतूचं टोक सध्या जिथं पोचलं आहे ती जागा.

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथं विषय मज्जातंतूंचा, त्यातही मेंदू आणि पाठीचा कणा सोडून बाकी शरीरभर पसरलेल्या, हातापायांत आणि चेहर्‍यात जाणार्‍या नसांचा आहे. या नसा तुटल्या तर पुन्हा वाढतात. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर धरले तर सहा महिने. मोटारसायकलवरून पडून खांद्याजवळच्या नसांचा गुंता तुटला, तर तिथून हाताच्या पंजापर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन वर्षं. स्नायू मात्र इतके दिवस थांबत नाहीत. वर्ष-दीड वर्ष नसेचा निरोप आला नाही की ते कायमचे वाळत जातात. म्हणून नस वाढते की नाही यापेक्षा ती वेळेत आणि योग्य जागी पोचते की नाही, हा प्रश्न मोठा ठरतो.

पेनाचा ठिपका एवढंच सांगतो की टोक पुढं सरकलं. आत ते कसं सरकतं, कुणाच्या आधारानं सरकतं आणि वाट चुकतं तेव्हा नेमकं काय होतं, हे त्या ठिपक्यातून कळत नाही. ते पाहायला शास्त्रज्ञ बोटाच्या पेराएवढ्या एका पट्टेरी माशाकडे गेले.

बेडकाच्या जिभेपासून

नस म्हणजे तारांची जुडी. तिच्यातली एकेक तार हा एका जिवंत पेशीचा लांबवलेला भाग असतो, त्याला अक्षतंतू म्हणतात. पायाचा अंगठा हलवणार्‍या पेशीचं मूळ अंग पाठीच्या कण्यात असतं आणि तिचा तंतू तिथून पार पावलापर्यंत गेलेला असतो. मोठ्या माणसात ही लांबी जवळजवळ एक मीटर भरते. तंतू मध्येच तुटला, की कण्याकडचा भाग मूळ पेशीला जोडलेला राहतो आणि पावलाकडचा भाग पोरका होतो.

या पोरक्या भागाचं काय होतं, ते १८५० मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी दाखवलं. त्यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्या. बेडकाची जीभ पातळ असते आणि ताणून पसरली की सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. पेशीपासून तुटलेला भाग काही दिवसांत फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यागुठळ्यांचा होऊन विरून जातो, असं त्यांना दिसलं. या प्रक्रियेला आजही वॉलर यांचं नाव आहे.

पुढं १८९० मध्ये स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांना कोंबडीच्या गर्भात तंतूच्या वाढत्या टोकाला एक पसरट, बोटं फुटलेला पंजा आढळला. त्यांच्या काचपट्टीवरचं सगळं मेलेलं होतं, चांदीच्या क्षारांनी रंगवून गोठवलेलं. तरी ते टोक रेटा देत वाट काढत जातं, हे त्यांनी त्या निश्चल चित्रावरून ताडलं. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये काचेवर जिवंत ठेवलेल्या बेडकाच्या ऊतीतून तंतू बाहेर पडताना प्रत्यक्ष पाहिला आणि काहाल यांचा अंदाज खरा ठरला. काच म्हणजे मात्र शरीर नव्हे. शरीरात वाढणारी नस जिवंतपणी पाहिली ती व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कार्ल स्पायडेल यांनी. १९३० च्या दशकात ते बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या पारदर्शक शेपटीवर दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शक रोखून बसत. एकच तंतू आज कुठं आहे आणि उद्या कुठं, हे ते चित्रफितीवर टिपत.

स्पायडेल यांच्याकडे धीर होता, डोळा होता, पण दोन गोष्टी नव्हत्या. एका जातीच्या पेशी दुसरीपासून रंगानं वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. आणि एखादं जनुक बंद करून आता काय बिघडतं ते पाहण्याची सोयही नव्हती. या दोन्ही गोष्टी माशानं दिल्या.

भातखाचरातला पाहुणा

झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. त्याच्या ‘डॅनियो’ या नावाचं मूळ बंगाली ‘धानी’त, म्हणजे भातशेतातला. संथ, उथळ पाण्यात, भातखाचरांच्या चरांत राहणारा हा तीन-चार सेंटिमीटरचा मासा अंगावरच्या निळसर आडव्या पट्ट्यांमुळे जगभरच्या मत्स्यपेट्यांत गेला. मासे विकणार्‍या दुकानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चिवट माशांत तो आजही मोडतो.

त्याला प्रयोगशाळेत आणलं ते जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. जन्म बुडापेस्टचा. नाझींच्या भीतीनं कुटुंब अमेरिकेला गेलं, तिथं ते विषाणूंच्या आनुवंशिकीत नावाजले. मासे पाळायचा नाद होताच. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याची चेतासंस्था जनुकांच्या अंगानं अभ्यासायची, तर प्राणी लहान हवा, भरपूर अंडी घालणारा हवा आणि आरपार दिसणारा हवा, असा त्यांचा विचार होता. ओरेगॉन विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं खपून या माशाचे एकसारख्या जनुकांचे वंश तयार केले आणि १९८१ मध्ये ते काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. तीन वर्षांनी ते वारले. पुढं जर्मनीत ट्युबिंगनला आणि अमेरिकेत बॉस्टनला हजारो बदललेले मासे तपासण्याची मोठी मोहीम झाली. तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि झेब्रा मासा जीवशास्त्राचा घरचा प्राणी झाला. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला तेव्हा दिसलं, की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात निदान एक तरी भावंड आहे.

माशांच्या खोलीत गेलं तर आधी जाणवतो तो उबदार दमटपणा. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर राखलेलं, दिवे चौदा तास चालू आणि दहा तास बंद. संध्याकाळी नर-मादी एका डबीत सोडतात, पण दोघांमध्ये पारदर्शक पडदा ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. पहाट झाली असं समजून मादी अंडी घालते, एका वेळी शंभर-दोनशे. डबीचा तळ जाळीचा असतो, अंडी त्यातून खाली पडतात. जाळी नसती तर आईबापांनीच ती मटकावली असती. अंडं मिलिमीटरहूनही लहान आणि काचेसारखं. चोवीस तासांत त्यात हृदय धडधडायला लागतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पाचव्या दिवशी ते पोहत असतं. लांबी चार मिलिमीटर. त्वचा अजून आरपार, त्यामुळे आत कण्याच्या प्रत्येक खणातून बाहेर पडणारी नस सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते, चिरफाड न करता.

लेझरचा काप

पिल्लाला पाण्यातूनच भूल देतात. मग कोमट, पातळ अ‍ॅगरोजच्या थेंबात त्याला कुशीवर झोपवतात. चायना ग्रास घालून दूध गोठवतो तसा हा थेंब गोठतो आणि पिल्लू त्यात अडकून राहतं. या पिल्लांच्या चेतापेशींत जेलीफिशकडून घेतलेलं, हिरवं चमकणारं प्रथिन तयार होतं. त्या प्रथिनाच्या शोधासाठी आणि वापरासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. नसेभोवतीच्या इतर पेशींना दुसरा, तिसरा रंग देता येतो. अंधार्‍या खोलीत पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघा दिसतात. कण्यातून एक देठ निघतो, थोडं अंतर चालतो आणि त्याला दोन फांद्या फुटतात. एक पाठीच्या स्नायूंकडे जाते, दुसरी पोटाकडे.

त्या देठावर लेझरचा एक बारीक झोत पडतो. पडलेली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, आजूबाजूची त्वचा शाबूत. यानंतर यंत्र दर काही मिनिटांनी एक चित्र घेत राहतं.

सुरुवातीला काहीच घडत नाही. पोरका भाग तुटला आहे हे त्याला कळलंच नाही, असं वाटावं इतका तो शांत असतो. माशाच्या पिल्लात ही शांतता काही तासांची, उंदरात दीड-दोन दिवसांची. मग एकाएकी सगळा तंतू थोड्याच वेळात मण्यांची माळ तुटावी तसा तुकड्यातुकड्यांत विखुरतो. दोरी हळूहळू कुजावी तसं हे मरण नाही, हे १९८९ मध्ये एका विचित्र जातीच्या उंदरावरून उमगलं. त्या उंदरांमध्ये तुटलेला तंतू दोन-दोन आठवडे जसाच्या तसा टिकत होता. पुढं कळलं की तंतूच्या आत स्वतःला मोडायची यंत्रणा असते, ‘सार्म-१’ नावाचं प्रथिन तिची कळ दाबतं आणि पेशीच्या ऊर्जाव्यवहाराला लागणारा एक रेणू भराभर संपवून टाकतं. त्या उंदरांमधलं जपणारं जनुक माशाच्या पिल्लात घातलं तर तिथंही तुटलेला तंतू उशिरा विखुरतो. म्हणजे ही यंत्रणा माशात आणि उंदरात एकाच घराण्याची आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकेल ग्रॅनाटो यांच्या गटानं २०१२ मध्ये ही जिवंत चित्रफीत बारकाईनं पाहिली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मृत पेशींचा कचरा गिळणार्‍या भक्षक पेशी तंतू विखुरण्याआधीच नसेपाशी हजर झाल्या होत्या. मेलेल्या उंदराच्या काचपट्टीवर एवढंच दिसलं असतं, की नस विखुरली आहे आणि भोवती भक्षक पेशी आहेत. आधी काय आणि नंतर काय हे काचपट्टी सांगत नाही, त्यासाठी सलग पाहावं लागतं.

वाटाडे

इकडे कण्याकडच्या तुटक्या टोकाला काही तासांत पंजा फुटतो. हाच काहाल यांनी मेलेल्या गर्भात पाहिलेला पंजा, पण आता तो चाचपडतो, थांबतो, एक बोट पुढं करतो, मागं घेतो. दोन दिवसांत बहुतेक तंतू पुन्हा आपल्या स्नायूंपर्यंत गेलेले असतात आणि पिल्लू नेहमीसारखं वळतं. माणसाच्या हातात महिन्यांवर महिने चालणारा प्रवास इथं एका शनिवार-रविवारात पाहून होतो.

हा प्रवास तंतू एकटा करत नाही. प्रत्येक तंतूभोवती श्वान पेशी असतात. नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचं, कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. तरी राखणदारीचं काम पाहता मराठी कानाला ऐकू येणारा अर्थही अगदी वावगा वाटत नाही. एरवी या पेशी तंतूभोवती गुंडाळून बसतात आणि तारेवरच्या वेष्टनासारखं मायलिनचं आवरण तयार करतात. तंतू तुटला की त्या गुंडाळी सोडतात, कामाचं स्वरूप बदलतात, कचरा उचलतात आणि रिकाम्या नळीत एकामागं एक रांगेनं उभ्या राहतात. वाढणारा तंतू त्या रांगेला धरून जातो.

या रांगेचं महत्त्व मोजायचं कसं? ज्यांच्या नसांभोवती श्वान पेशी तयारच होत नाहीत असे मासे मिळतात. त्यांची नस कापली तर तंतूला पंजा फुटतो, तो वाढायलाही लागतो, पण भलतीकडे. जुन्या वाटेचा मागमूस त्याला लागत नाही. ग्रॅनाटो यांच्या गटानं २०१४ मध्ये हे स्नायूंच्या नसेत दाखवलं. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली, पाण्याचा प्रवाह जाणणारी जी नस असते, तिच्यावर हर्नान लोपेझ-श्येर यांच्या गटानं काम केलं. श्वान पेशी नसल्या की तिथंही तंतूंची वाट चुकते.

त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठात, म्हणजे स्पायडेल यांच्याच विद्यापीठात, सारा कुसेनास यांच्या प्रयोगशाळेनं तिसर्‍या एका पेशीकडे बोट दाखवलं. नसेच्या जुडीवर बाहेरून खोळ घालणार्‍या या पेशी. नस तुटताच त्या फटीकडे हात लांबवतात, कचरा उचलतात आणि तंतू यायच्या आधी दोन तुटक्या टोकांमध्ये साकव बांधून ठेवतात. साकव जमला नाही तर तंतू अलीकडेच अडून राहतो. उंदरांत फटीवरचा पूल वेगळ्या मार्गानं, आधी रक्तवाहिन्या आणि मग श्वान पेशी अशा क्रमानं रचला जातो, असं २०१५ मधलं लंडनमधलं संशोधन सांगतं. कामगार वेगळे असतील, पण पुलावाचून पुढं जाता येत नाही हे दोन्हीकडे खरं.

फाट्यावर

सगळ्यात अवघड जागा म्हणजे नसेचा देठ जिथं दुभंगतो तो फाटा. पाठीकडे जायचं की पोटाकडे? तंतू तुटण्याआधी जिकडे होता तिकडेच गेला तरच स्नायूला बरोबर निरोप मिळेल. चित्रफितीत दिसतं ते असं: तंतू पहिल्याच फटक्यात बरोबर जातो असं नाही. तो चुकीच्या फांदीत पंजा घालतो, थोडा पुढं जातो, मग तो पंजा मागं घेतो आणि दुसरीकडे चाचपून पाहतो. निरोगी माशात चुकीच्या फांद्या टिकत नाहीत, बरोबर असलेली टिकते.

ती चूक सुधारतं कोण? ग्रॅनाटो यांच्या गटाच्या २०१५ मधल्या कामात याचं उत्तर मिळालं. फाट्याजवळच्या थोड्याशाच श्वान पेशी इजा झाल्यावर एक विशिष्ट प्रकारचं कोलॅजन जास्त बनवतात. त्याच्या सोबतीला ‘स्लिट’ नावाचं, तंतूला दूर ढकलणारं प्रथिन असतं. चुकीच्या दिशेला गेलेला पंजा या जागी स्थिर राहू शकत नाही, गळून पडतो. या कोलॅजनवर साखरेचे रेणू चढवणारं विकर बिघडलेलं असेल, तर पाठीकडे जायचे तंतू मोठ्या संख्येनं भलतीकडे जातात आणि तिथंच राहतात. ते तेवढ्याच वेगानं वाढतात, फक्त त्यांना मागं फिरवणारं कोणी उरत नाही.

माणसात ही चूक रोज पाहायला मिळते. चेहर्‍याच्या नसेला इजा होऊन ती पुन्हा वाढल्यावर काही जणांचा डोळा हसताना आपोआप मिटतो, कारण ओठाकडे जायचे तंतू पापणीकडे गेलेले असतात. काहींना जेवताना डोळ्यांतून धारा लागतात. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीत जाऊन पोचल्याचा हा परिणाम. वैद्यकात या अश्रूंना मगरीचंच नाव आहे. आपल्याकडच्या नक्राश्रूंसारखे ते खोटे नसतात, ते खरेच असतात, फक्त चुकीच्या निरोपावर आलेले.

वाटेचं एवढं महत्त्व असण्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा माशाच्याही आधी, मॉन्ट्रियलच्या एका उंदरात मिळाला होता. हातापायांच्या नसा वाढतात, पण सस्तन प्राण्यांच्या पाठीच्या कण्यातले तंतू तुटले की वाढत नाहीत, म्हणून ते मुळातच नालायक असावेत असा समज होता. १९८१ मध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातली नस काढून तिचा तुकडा मेंदूचा तळ आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये पुलासारखा बसवला. ते ‘नालायक’ तंतू त्या तुकड्यात शिरले आणि सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. मग परत कण्यात शिरायची वेळ आली तिथं थबकले. त्यांच्यात वाढायचं बळ होतंच, कमी होती ती वाटेची.

राखणदार उलटला तर

नसेजवळ राबणार्‍या या पेशी नेहमी भलंच करतात असं नाही. विदर्भात, वरोर्‍याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभं करायला घेतलं, त्यामागचा आजार म्हणजे कुष्ठरोग. तो मुळात नसांचा आजार आहे. बोटं झडतात ती जंतू ती खातात म्हणून नव्हे. नस मेल्यानं बधिरता येते, चटका आणि काटा कळत नाही, जखमांवर जखमा होत जातात. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये जंतू शोधला, पण तो आजवर प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. त्यामुळे तो नस नेमकी कशी मारतो हे पाहणं फार कठीण होतं. तो श्वान पेशींत शिरून थेट आवरण सोलतो, असा एक समज होता.

वडोदर्‍यात वैद्यकीय शिक्षण झालेल्या आणि केंब्रिजमध्ये काम करणार्‍या ललिता रामकृष्णन, क्रेसिडा मॅडिगन आणि त्यांच्या सहकार्‍यांनी हा जंतू झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लात सोडला आणि पाहत बसले. २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं की गुन्हेगार वेगळाच आहे. नसांवरून गस्त घालणार्‍या भक्षक पेशी जंतूला गिळतात. जंतूच्या कवचावरच्या एका खास मेदामुळे त्या चिडतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडायला लागतात. त्यात आजूबाजूच्या तंतूंची ऊर्जाकेंद्रं सुजतात आणि मायलिन उचकटतं. त्या नायट्रिक ऑक्साइडला आवर घातला की नसेची हानी कमी होते. कचरा उचलून वाट मोकळी करणारी पेशी तीच, इथं घात करणारीही तीच.

मासा आणि माणूस

माशाची मर्यादाही दिसते तशी सांगितली पाहिजे. पिल्लातलं अंतर मिलिमीटरच्या काही भागांचं, माणसाच्या हातातलं अर्ध्या मीटरहून जास्त. पिल्लू वाढत्या वयाचं, पेशी उतावीळ, रुग्ण मात्र कधी साठीचा, कधी मधुमेहाचा. नस भराभर वाढवील असं औषध आज दवाखान्यात मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यानं टोकं शिवायची, अंतर जास्त असेल तर पोटरीच्या बाजूची फारशी गरज नसलेली एक नस काढून मधे जोड द्यायची, हाच मुख्य मार्ग आहे. त्या उसन्या नसेतले तंतू मरतातच. कामाला येतात त्या तिच्यातल्या श्वान पेशी, म्हणजे इथंही आपण वाटच उसनी घेतो.

माशाचा उपयोग म्हणूनच औषध हातात देण्यापेक्षा प्रश्न नेमका करण्यासाठी आहे. तंतू विखुरायला उशीर करायचा की कचरा लवकर उचलायचा, वाढीचा वेग वाढवायचा की फाट्यावरची चूक सुधारायची, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या पेशींकडे आहेत, हे त्या चित्रफितींनी दाखवलं. पुनर्निर्मितीचा हा अभ्यास आपल्याकडेही होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या गटानं २०२३ मध्ये प्रौढ झेब्रा माशाच्या मणक्यांमधली चकती पुन्हा तयार होण्यामागचं एक प्रथिन ओळखलं. आपल्याच भातखाचरातला हा मासा जगाच्या प्रयोगशाळा फिरून पुण्याच्या पेट्यांतही पोहतो आहे.

तिकडे टेबलावरच्या हाताचा ठिपका महिन्याला बोटभर सरकत मनगट ओलांडतो, तळहातात उतरतो. एक दिवस रुग्ण सांगतो, बोटात काहीतरी कळतंय. मग फिजिओथेरपिस्ट त्याला डोळे मिटायला सांगते. तर्जनीच्या टोकावर तूरडाळीचा दाणा ठेवते आणि विचारते, कुठल्या बोटावर आहे? तो थोडा विचार करतो आणि ठामपणे म्हणतो, "मधल्या." डोळे उघडतो, दाणा तर्जनीवर पाहतो आणि चकित होतो. नस पोचली आहे, फक्त काही तंतू शेजारच्या घरी उतरले आहेत. फाट्यावर त्यांना मागं फिरवायची विद्या अजून आपल्या हाती नाही. म्हणून ती पुन्हा डोळे मिटायला लावते, आता दाण्याऐवजी किल्ली ठेवते, मग रुपयाचं नाणं, मग पुन्हा दाणा. तंतूंचे पत्ते बदललेत, ते मेंदूला नव्यानं पाठ करून घ्यायचे आहेत.